कशानं जातं ते विचारा

विट्यात मगदूमच्या दुकानी
बटणांच्या डब्यांशेजारी चार पेनं.
म्हटलं, यातलं जाणारं कोणतं?
तो म्हणाला, जातात सगळीच, वहिनी.
कशानं जातं ते विचारा.

निळं, पाण्यानं.
ओलं बोट फिरवलं की गेलं.
पण विसरून आधी इस्त्री लागली
तर गोंदणासारखं बसतं, जन्माचं.
आणि टँकरमागं घागर घेऊन पळालेल्या बाईनं
रेष पुसायला तांब्याभर पाणी ओतायचं?
आता नळाला येतं म्हणा.
हात अजून तांब्या अर्धाच भरतो.

जांभळं, नुसत्या वाऱ्यानं.
सकाळी आखलेलं संध्याकाळी नाही.
माझी गोधडी तीन आठवडे चालते,
मधे भाकरी, मधे कुणाचा फॉल-पिको,
परत बसेतो निम्मं कमळ उडालेलं.

पांढरं, गडद कापडाला.
लिहिताना दिसत नाही, वाळल्यावर उमटतं,
आमच्या धाकट्या नणंदेसारखं:
सकाळी बोललेलं तिला दिवेलागणीला लागतं.

आणि हे काळं, धगीनं.
स्वस्तातलं होतं. हेच घेतलं.

घरचं माणूस गलाईला, सिलिगुडीत.
बारा वर्षं भट्टीपुढं बसून
सोन्यात जे सोनं नाही ते जाळतोय.
धगीचं मला नवल नव्हतं.

पाचगणीच्या वसतिगृहाच्या अकरा गोधड्या होत्या,
जुने गणवेश, विटलेले पडदे, रेक्टरबाईंच्या दोन साड्या.
पेन या कापडावरनं जातं का बघायला
प्रत्येकीच्या कोपऱ्यात काहीबाही लिहायची,
वर इस्त्री टेकवायची.
कोरं.
काय लिहिलं ते कोण ध्यानात ठेवतं.

जानेवारीत फोन आला.
डिसिल्वाबाई म्हणाल्या, इंगवलेताई,
तुमच्या गोधड्यांवर रेषा उगवल्यात हो.
थंडीनं!
माझ्या पोटात गोळा. आता पैसे परत मागणार.
तर बाई हसायलाच लागल्या.
पोरी म्हणे रात्री बॅटरी लावून
सुई रेषेवरनं कुठं घसरली ते मोजतात.
सहाव्या गोधडीत कमळाला
एक पाकळी आखलेली आहे, शिवलेलीच नाही.

आणि कोपरे.
थांबा, वाचून दाखवते:
‘मगदूम ३४० बाकी.’
‘उद्यापासून दूध अर्धा लिटर.’
‘कु. वैजयंता रघुनाथ मुळीक, नववी ब.’
ही कोण हो?
मी म्हटलं, होती एक.

अकराव्या गोधडीपाशी त्या थबकल्या.
वाचू का?
मी गॅस बारीक केला. वाचा.
‘ये की आता.’

फोनमधनं नुसता वारा येत राहिला,
तिकडचा, डोंगरावरचा.
मग मीच म्हटलं, इस्त्री फिरवा बाई, जातंय ते.
त्या म्हणाल्या, सांगून बघितलं.
जिच्या वाट्याला ती आली आहे
ती पोरगी फिरवू देत नाही.
नवीन आहे, पाचवीतली, अजून रडते.
कोपरा मुठीत धरून झोपते.
तिला वाटतं, घरून कुणीतरी
गुपचूप लिहून पाठवलंय.

दुसऱ्या दिवशी मगदूमचे तीनशे चाळीस दिले.
त्यानं वही काढली, आडवी रेघ मारली,
साध्या बॉलपेननं.
कोणतं देऊ, म्हणाला. नवीन आलंय एक,
जर्मन का कुठलंसं,
कशानंही गेलं की गेलं, परत येत नाही.

मी विचारलं, सिलिगुडीला थंडी कितपत असते हो?
त्याला काय ठाऊक.
पाऊणशे रुपये पुढं सरकवले.
म्हटलं, मागचंच द्या.